दुनळीचा वारस कोण? घोडबंदर पट्ट्यातल्या एका घराचं प्रकरण

ठाण्यात घोडबंदर रस्त्याला लागून असलेल्या एका जुन्या गावठाणातलं हे प्रकरण आहे. २०२५ च्या पावसाळ्यात घरातले आजोबा वारले. मागे आजी, दोन मुलगे, ऐरोलीला दिलेली एक मुलगी, सुना, नातवंडं, चाळीतल्या भाड्याच्या खोल्या, बिल्डरकडून ताबा मिळायचे राहिलेले दोन फ्लॅट आणि एक बारा बोअरची दुनळी बंदूक. खोल्या आणि फ्लॅट कुणाला काय, हे एका बैठकीत ठरलं. बंदुकीवरून मात्र पावसाळा सरून थंडी पडेपर्यंत घरात धुसफूस चालू होती.

मी या कुटुंबाची वकील. त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे, ओळख पटेल ते सगळं वगळून. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. परवाना एका माणसाला मिळतो, पण बंदूक राहायला येते ती अख्ख्या घरात. आपला कायदा त्या एका माणसाची कसून चौकशी करतो आणि घराला काहीच विचारत नाही. वारसाच्या बाबतीत तर 'तुम्हाला बंदूक कशाला हवी' हा प्रश्नही सोडून देतो. मग तो प्रश्न घरातल्या कुणाला तरी विचारावा लागतो, आणि बहुतेक घरांत तो विचारायची हिंमत ज्या बाईला होते तिचं कुणी ऐकत नाही. इथे ऐकलं गेलं, म्हणून हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं.

बंदूक घरात आली तेव्हा

आजोबांनी ती १९७० च्या दशकात घेतली. तेव्हा घराच्या मागे भातशेती होती आणि शेतीमागे येऊरचा डोंगर. कापणीच्या आधी रानडुकरं उतरायची, एका रात्रीत खाचरं लोळवून जायची. ज्याच्याकडे पैसे कमी त्यानं ठासणीची बंदूक घ्यायची, ज्याला परवडेल त्यानं बारा बोअर. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये दोन्हींना जागा आहे: संरक्षणासाठी वा शिकारीच्या खेळासाठी किमान वीस इंची नळीची, आतून गुळगुळीत बोअरची बंदूक, आणि पीक राखायला ठासणीची. आजोबांच्या परवान्यावर शेतीचं आणि स्वतःचं संरक्षण असं कारण होतं. त्या काळी ते कारण सोळा आणे खरं होतं.

पुढे खाचरं गेली, टॉवर आले. परवान्याचं नूतनीकरण होत राहिलं, आधी दर तीन वर्षांनी आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांसाठी. शेत उरलं नाही तरी कागदावरचं कारण तसंच राहिलं. बंदुकीचा खरा उपयोग म्हणाल तर हळदीच्या रात्री. आमच्याकडच्या आगरी हळदी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. थोरल्याच्या हळदीला आजोबांनी अंगणात दोन बार काढले होते, आणि त्याची आठवण सांगताना थोरल्याचे डोळे अजून चमकतात. २०१९ च्या दुरुस्तीनं असा आनंदाचा गोळीबार स्वतंत्र गुन्हा केला: दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याच दुरुस्तीनं एका माणसाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवण्याची मर्यादा आणली, आणि वारसाहक्कानं आलेली बंदूकही त्या दोनांतच धरायची असं ठरवलं.

नळीतली काडतुसं

तेरावं झाल्यावर धाकट्या मुलानं कपाट उघडलं. बंदूक मधून मोडून पाहिली तर दोन्ही नळ्यांत काडतूस. बाजूला प्लास्टिकच्या पिशवीत आणखी काही, दमट हवेत फुगलेली. त्याच खोलीत रोज रात्री नातवंडं झोपतात. कपाटाची किल्ली देव्हाऱ्याच्या खणात असते, हे घरातल्या सहा वर्षांच्या मुलीलाही माहीत.

आजींना विचारलं तर त्या सहज म्हणाल्या, "ते भरूनच ठेवाचे. रिकामी ठेवून काय उपेग, म्हनाचे."

धाकटा त्या दिवशी हादरला आणि थेट माझ्याकडे आला. थोरल्याचा समज असा होता की परवान्याची मुदत अजून शिल्लक आहे, तेवढे दिवस बंदूक घरी ठेवायला हरकत नाही. हा समज फार जणांचा असतो. परवाना माणसाचा असतो आणि माणूस गेला की त्याच्यामागे कुणालाही ते शस्त्र बाळगण्याचा अधिकार उरत नाही. कलम २१ म्हणतं, विनाकारण उशीर न करता ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. तसं केलं नाही तर कलम २५ खाली गुन्हा होतो, आणि बिगरपरवाना बंदूक बाळगल्याची शिक्षा आता दोन ते पाच वर्षांची आहे. घरात सुतक होतं, मग गणपती आले, ही कारणं माणसाला पटतात. पण दरम्यान कुणाकडून काही झालं असतं तर अख्खं घर आरोपी म्हणून उभं राहिलं असतं.

आम्ही पोलीस ठाण्यात आधी लेखी कळवलं, मग त्यांच्या सूचनेप्रमाणे रिकामी बंदूक आणि वेगळी बांधलेली काडतुसं जमा केली. पावतीवर बंदुकीचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या नोंदवून घेतली. कुणाच्या घरी अशी वेळ आली तर त्या पावतीचं मोल मोठं आहे, कारण जमा केलेलं शस्त्र वारसांचंच राहतं. परवाना मिळाला तर ते परत घेता येतं, नाहीतर ठरलेल्या मुदतीत रीतसर विकता येतं. मुदत उलटू दिली तर सरकारजमा होतं.

थोरल्याचं म्हणणं

थोरला मुलगा पन्नाशीचा, स्वभावानं तापट पण घरासाठी राबलेला माणूस. त्याचं म्हणणं मी इथे पूर्ण मांडते, कारण ते पोकळ नाही.

"बापसाची निशानी हाय ती. ती इकाची नाय," हे पहिलं. दुसरं, बिबट्या. येऊरला लागून राहणाऱ्यांना बिबट्या म्हणजे बातमी नसते, शेजारी असतो. तिसरं, जमीन. घोडबंदर, कल्याण, उल्हासनगर या पट्ट्यात जमिनीचा भाव वाढला तशी जमिनीवर डोळा ठेवणारी माणसंही वाढली. सातबाऱ्यावर नाव असलेल्याला रात्री-अपरात्री फोन येतात, मोटारी दारात उभ्या राहतात. हे मी माझ्या पक्षकारांकडून वर्षानुवर्षं ऐकते आहे. चौथं, आणि हे त्यानं सगळ्यात रागानं सांगितलं: ज्यांना गोळ्या घालायच्या असतात ते परवाना काढत बसतात का? ते गावठी कट्टा घेतात. कायदा पाळणाऱ्याच्या घरातली बंदूक काढून घेऊन कट्टेवाल्याचं काय वाकडं होणार?

शेवटच्या मुद्द्यात बरंच तथ्य आहे. भारतात नागरिकांच्या हातात सुमारे ७ कोटी १० लाख बंदुका असाव्यात आणि त्यांतल्या नोंदलेल्या ९७ लाखच, असा जिनिव्हाच्या स्मॉल आर्म्स सर्व्हेचा २०१८ चा अंदाज आहे. म्हणजे खरा अंधार बिगरपरवाना बंदुकांचा आहे, आणि तो निपटायचं काम पोलिसांचं आणि सरकारचं आहे. ते होत नाही म्हणून सामान्य माणूस चिडतो, हे मला समजतं.

पण उरलेले मुद्दे मी त्याच्यासमोर एकेक करून तपासले. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. जिवावर बेतलं आणि चांगल्या हेतूनं स्वतःला वाचवायला मारलं तर कायदा माफ करतो, पण अंगणात दिसला म्हणून बार काढला तर जेल आहे. २० फेब्रुवारी २०१९ ला बिबट्या थेट ठाण्याच्या कोरम मॉलमध्ये शिरला आणि तिथून निघून एका हॉटेलच्या आवारात गेला. त्याला वनखात्याच्या पथकानं भूल देऊन पकडलं. बंदुकीचं तिथे काही काम नव्हतं.

जमिनीच्या भांडणाचं उदाहरण तर आमच्या जिल्ह्यानं सगळ्या महाराष्ट्राला दाखवलं. २ फेब्रुवारी २०२४ ला उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात, शिवसेनेचे महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्या आरोपाखाली तेव्हाचे आमदार गणपत गायकवाड यांना अटक झाली. वाद द्वारलीच्या जमिनीचा. दोन्ही बाजूंना पैसा, माणसं, सत्ता, वकील सगळं होतं, समोर पोलीस बसलेले होते, तरी जमिनीचा वाद गोळीपर्यंत गेला. मी थोरल्याला एवढंच विचारलं, "दादा, त्या दिवशी बंदुकीनं जमीन कुणाला मिळाली?" तो गप्प राहिला, पण त्याचं मत बदललं असं मी म्हणणार नाही.

हक्काचा प्रश्न

बैठकीत धाकट्याचा मुलगाही होता, कॉलेजात शिकणारा. त्याचं म्हणणं, अमेरिकेत हा हक्क आहे, आपल्याकडे का नाही? पोरानं मनापासून विचारलं म्हणून मीही मनापासून उत्तर दिलं.

आपल्याकडे ही मागणी होती, आणि कारणही होतं. १८७८ च्या ब्रिटिश कायद्यानं भारतीयांना शस्त्रासाठी परवाना सक्तीचा केला आणि युरोपीयांना मोकळीक दिली. तो अपमान लोकांच्या मनात होता, म्हणून काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क लिहिला गेला. डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी तो हक्क घटनेत घालावा अशी दुरुस्ती संविधान सभेत मांडली. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि सभेनं ती फेटाळली. त्यामुळे आपल्याकडे शस्त्र ही राज्यानं अटींवर दिलेली परवानगी आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणात हेच अधोरेखित केलं की अमेरिकेसारखा शस्त्राचा मूलभूत हक्क आपल्या घटनेत नाही.

अमेरिकेत तो १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत आहे, आणि तो व्यक्तीचा हक्क असल्याचं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये स्पष्ट केलं. तिथे दर शंभर माणसांमागे १२० बंदुका आहेत. २०२१ या एका वर्षात तिथे ४८,८३० माणसं बंदुकीनं मेली. पोराला वाटलं, हे सगळे खून असतील. अर्ध्याहून जास्त आत्महत्या होत्या.

हा आकडा सांगताना माझी नजर त्याच्या काकूकडे गेली.

सुनेचं म्हणणं

थोरल्याची बायको त्या बैठकीत चहा देण्यापुरती आली होती. दोन दिवसांनी कोर्ट नाक्यावर माझ्या टेबलाशी एकटीच आली. तिनं जे सांगितलं ते या प्रकरणाचं मर्म आहे. तिचा मुलगा पंचविशीतला. नोकरी सुटली, शेअर बाजारातल्या ऑप्शनच्या नादात जमिनीच्या पैशातले बरेच घालवले, मग दारू. गेल्या वर्षापासून नैराश्यावर गोळ्या चालू आहेत, पण मधूनच बंद करतो. बापाशी पटत नाही. एका रात्री भांडणात म्हणाला होता, "आजोबांची बंदूक आहेच की." कुणावर रोखून म्हणाला, स्वतःवर की बापावर, हे तिला आजही कळलेलं नाही.

"वकीलबाई, बंदूक यांच्या नावावर झाली तर ती परत त्याच कपाटात येईल. मी जागत बसू का रोज?"

यावर संशोधनाचं बळ आहे. घरात बंदूक हाताशी असेल तर आत्महत्येनं मृत्यू होण्याची शक्यता सुमारे तिप्पट होते, असं आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या २०१४ च्या संशोधनात दिसलं आहे. कारण साधं आहे. जिवावर उठण्याचा तो क्षण बहुतेकदा थोडा वेळ टिकतो. इतर मार्गांत माणूस थांबतो, कुणी पाहतं, दवाखान्यात नेतं. बंदूक ती उसंत देत नाही. भारतात आत्महत्यांत बंदुकीचा वाटा अगदी थोडा आहे, आणि त्याचं एक मोठं कारण हेच की आपल्या घरांत फारशा बंदुका नाहीत. २०२२ मध्ये एकट्या महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्या नोंदल्या गेल्या, देशात सर्वाधिक. जिथे माणसं एवढ्या संख्येनं खचत आहेत तिथे घराघरांत बंदूक ठेवायला मोकळीक द्या असं कुणी म्हणालं, तर मी त्याला या माउलीसमोर बसवीन.

मी तिला टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लिहून दिला आणि मुलाच्या डॉक्टरांना बंदुकीबद्दल सांगायला सांगितलं. मग कायद्याकडे वळले.

कायदा कुणाला विचारतो

आमच्या भागात परवाना देणारे अधिकारी म्हणजे पोलीस आयुक्त. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार अर्जदाराला शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचा वैद्यकीय दाखला लागतो, शस्त्र हाताळायचं प्रशिक्षण लागतं, शस्त्र सुरक्षित ठेवीन असं हमीपत्र लागतं. पोलीस चारित्र्य पडताळणी करतात. नव्या अर्जदाराला जिवाला खरा धोका आहे, व्यवसायामुळे शस्त्राची गरज आहे, असं पटवावं लागतं.

वारसासाठी मात्र नियम २५ आहे. परवानाधारक वारला तर त्याच्या वारसाला परवाना देता येतो. हयातीतही, धारकाची सत्तरी झाली किंवा शस्त्र पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं तर तो वारस नेमू शकतो. अशा वारसाला गरज सिद्ध करावी लागत नाही. पात्रता असली आणि पोलीस अहवाल स्वच्छ आला की पुरतं. थोरल्यावर एकही गुन्हा नाही, प्रकृती ठणठणीत. कागदावर तो शंभर टक्के पात्र. घरातला आजारी मुलगा कुठल्याच रकान्यात येत नव्हता.

हे बदलायला हवं असं माझं ठाम मत आहे. त्याच घरात राहणाऱ्या सज्ञान माणसांचं लेखी म्हणणं अर्जासोबत घ्यावं, जोडीदाराचं तर नक्कीच, आणि तेही पोलिसांनी स्वतंत्रपणे, नवऱ्याच्या पाठीमागे. परवाना एकाचा आणि हात दुसऱ्याचा, हे नवीन नाही. ८ फेब्रुवारी २०२४ ला दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली. त्यात वापरलेल्या पिस्तुलाचा परवाना हल्लेखोराच्या अंगरक्षकाच्या नावावर होता. आणि हात धन्याचा असला तरी अपघात चुकत नाही: १ ऑक्टोबर २०२४ ला अभिनेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी गेली.

ठाण्यापुरता आणखी एक मुद्दा आहे, जो फार कमी लोक मांडतात. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३४ नुसार अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय नवा शस्त्र परवाना देता येत नाही, आणि कलम ३५ नं ही तरतूद राष्ट्रीय उद्यानांनाही लागू केली आहे. एका अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, दुसऱ्या अंगाला २०१५ पासूनचं ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य. घोडबंदर रस्त्यावरचं कुठलं घर या वर्तुळाबाहेर राहतं? वारसाचा परवाना 'नवा' मानायचा का, यावर वाद घालता येईल. मी तो घालायच्या तयारीत होते. गरज पडली नाही.

सही

गाठ सुटली ती वारसांच्या संमतीपाशी. बंदूक ही मिळकत आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्यानं पत्नी, मुलगे आणि मुलगी सारख्याच वारस, त्यामुळे एकाच्या नावावर परवाना करताना बाकीच्यांची ना हरकत मागितली जाते. धाकट्यानं सही करायची तयारी दाखवली. नळीतली काडतुसं त्यानंच काढली होती, तरी दादूसशी वाकडं नको म्हणून. ऐरोलीच्या लेकीनं साफ नकार दिला. तिच्या भावजयीनं तिला काही सांगितलं होतं का, मी विचारलं नाही.

थोरला चिडला. माहेरी हक्क सांगायला आलीस, असंही बोलून गेला. ती म्हणाली, "फ्लॅटवर मी हक्क सांगितला नाही, सोडपत्र दिलं. या बंदुकीवर सांगते. २०२४ ला लोकसभेच्या निवडणुकीत ती पोलीस ठाण्यात जमा होती, विधानसभेला परत जमा होती. तेव्हा घरात कुणाला भीती वाटली? तुम्हाला आठवण तरी झाली का तिची?" थोरला म्हणाला, बापूस नाव लावायचं विसरला. त्यावर ती म्हणाली, "सत्तरीनंतर दहा वर्षं होती बाबांकडे. कुणाची किती उधारी ते त्यांना मरेपर्यंत पाठ होतं. ते विसरणाऱ्यातले नव्हते."

मग आजी बोलल्या. त्यांचीही सही लागणार होती, पण त्यांचं म्हणणं कुणी तोवर विचारलंच नव्हतं. "मना नको ती घरान. पोरगा बरा नाय," एवढंच. मुलाचं आजारपण घरात पहिल्यांदा सगळ्यांसमोर कुणीतरी उच्चारलं.

बंदूक पोलीस ठाण्यातून परवानगी घेऊन परवानाधारक विक्रेत्याला विकली. रक्कम किरकोळ आली, ती आजींच्या खात्यात गेली. फुगलेली काडतुसं पोलिसांकडेच राहिली, मूळ परवाना रद्द करण्यासाठी जमा केला. थोरल्यानं आठवण म्हणून काडतुसांचा चामडी पट्टा ठेवून घेतला, त्याला कायद्याची आडकाठी नाही.

महिन्याभरानं तो माझ्याकडे आला. स्वतःच्या नावानं नवा अर्ज केला तर चालेल का, असं विचारलं. मी म्हटलं, अर्ज करणं तुमचा अधिकार आहे, दादा. कागदपत्रांची यादी लिहून दिली, जिवाला धोका असल्याचं कशावरून ते दाखवावं लागेल हे सांगितलं, वनखात्याच्या संमतीचा मुद्दा सांगितला. आणि मुलाबद्दल पोलिसांनी घरी येऊन विचारलं तर काय उत्तर द्याल, हेही विचारलं. त्यानं यादी घडी करून खिशात घातली. अर्ज अजून केलेला नाही. मुलाला मात्र आता तो स्वतः दर पंधरवड्याला डॉक्टरकडे घेऊन जातो.